थेंब इथे, गळती तिथे

सकाळी बाईक काढताना पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला, की घरात दोनच सल्ले मिळतात. एक, "जुनी झालीय गाडी, चालायचंच." दुसरा, "गॅरेजला टाका, पॅकिंग बदलून देतील." आज तुम्हाला तिसरी वाट सांगायची आहे : आधी शोधा, मग खोला.

शंभर-सव्वाशे सीसीच्या बाईकमध्ये एकूण लिटरभरच तेल असते, आणि इंजिन, गिअर, क्लच हे सगळे सहसा त्यावरच चालते. तुमचा मुलगा किंवा मुलगी रोज नोएडाहून गुरुग्रामला बाईकने जात असेल, तर थेंबाथेंबाने गेलेले तेल लक्षातही येत नाही आणि एक दिवस इंजिन जाम होते. तेच तेल मागच्या टायरवर उडाले, तर वळणावर गाडी घसरते. म्हणून हा डाग फरशी पुसण्यापुरता नाही.

गंमत अशी, की तेल जिथून निघते तिथे ते पडत नाही. वरून निघालेले तेल इंजिनच्या पात्यांवरून खाली ओघळते, वाऱ्याने मागे सरकते आणि सर्वांत खालच्या बोल्टवरून ठिबकते. दोष मात्र त्या बिचाऱ्या बोल्टला लागतो! त्यात आपली दिल्लीची धूळ. ती तेलावर बसून असा काळा थर होतो, की खरी जागा दिसतच नाही.

म्हणून पहिले काम सफाईचे. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. पूर्वी आपण हे काम रॉकेलने करायचो. पण दिल्ली २०१४ मध्ये रॉकेलमुक्त जाहीर झाली, तेव्हा आता डिझेल किंवा दुकानात मिळणारे डिग्रीझर घ्या. पेट्रोल नको, ते पटकन पेट घेते. जुन्या टूथब्रशने खाचा घासा, फडक्याने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. मग संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरा. उघड्यावर इंजिन पाच-दहा मिनिटे चालवा. बंद तळघरातल्या पार्किंगमध्ये नको, धूर विषारी असतो. तरीही काही दिसले नाही, तर दोन-तीन किलोमीटर फेरी मारून या. पांढऱ्या पावडरवर काळी रेघ उमटेल. तिचे सर्वांत वरचे टोक पाहा. गळती तिथे आहे.

आता टोक कुठे निघाले, यावर खर्च ठरतो. वरच्या टॅपेट कव्हरपाशी असेल, तर बहुधा रबरी रिंग किंवा पॅकिंग, म्हणजे किरकोळ काम. गिअरच्या दांड्यापाशी किंवा पुढच्या चेन-चक्राजवळ असेल, तर ऑइल सील. पण तिथे चेनला लावलेले वंगणही उडून साचते, ते आधी पुसून खात्री करा. तळाच्या बोल्टपाशीच असेल, तर त्याचा वायसर बदला. बोल्ट जोर लावून आवळू नका. अॅल्युमिनियमचे आटे गेले, तर दहा रुपयांचे काम हजारांवर जाते. हवेच्या नळीतून तेल येत असेल, तर आधी पातळी पाहा. कोणीतरी तेल जास्त भरलेले असते, आणि उपाय फक्त जादा तेल काढण्याचा असतो.

घरात जुनी, ओतीव लोखंडी इंजिनची बुलेट असेल, तर थोडा जास्त धीर धरा. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असल्याने सांधेही जास्त. "खाली तेल नाही म्हणजे आतही नाही," हा विनोद तिच्या मालकांनी उगाच नाही जपलेला. तरी रोज डाग मोठा होत असेल, तर विनोदावर भागवू नका.

करोल बागेतल्या नाईवाला गल्लीत सुटे भाग भरपूर मिळतात, पण गळतीची जागा न पाहता तिकडे धावण्यात अर्थ नाही. मिस्त्रीला एवढेच सांगा, "भैया, पहले दिखाइए लीक कहाँ से है, फिर खोलिए." चांगला मिस्त्री यावर रागावत नाही, उलट काम जपून करतो. जागा सापडेपर्यंत दर दोन दिवसांनी पट्टीवर तेलाची पातळी तपासा. पट्टी फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

आणि काढलेले जुने तेल? ते नालीत ओतू नका. आपल्या नाल्या शेवटी यमुनेलाच मिळतात, आणि कायद्याने ते तेल घातक कचरा आहे. बाटलीत भरून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

या रविवारी एक जुना पुठ्ठा रात्रभर बाईकखाली टाकून पाहा. सकाळी तो कोरा निघाला, तर निश्चिंत व्हा. डाग पडलाच, तर पावडरचा डबा कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.