बाँड मोडला म्हणून अनुभवपत्र अडवलंय? आधी मोबाईल उघडा

गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून पुण्यात पहिली नोकरी करायला गेलेल्यांनी १४ मे २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल नीट समजून घ्यायला हवा. विजया बँकेने एका सिनियर मॅनेजरकडून तीन वर्षं नोकरीचा बाँड घेतला होता, आधी सोडल्यास २ लाख रुपये. कोर्टाने तो वैध ठरवला. मग काय, सगळेच बाँड पक्के?

नाही. सरकारी बँकेला जाहिरात, परीक्षा असं सगळं करूनच जागा भरावी लागते, तो खर्च आणि त्या माणसाचं पद बघता २ लाख जास्त नाहीत, असं कोर्टाचं म्हणणं होतं. पंधरा हजार पगाराच्या फ्रेशरला हेच गणित जसंच्या तसं लागत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई ‘वाजवी’च मिळते, बाँडमध्ये लिहिलेली रक्कम ही फार तर वरची मर्यादा. आणि वाद दिवाणी आहे. नुसती नोकरी सोडली म्हणून ‘पोलिसात देतो’ ही धमकी पोकळच. मूळ मार्कशीट दाबून ठेवायचा हक्कही बाँडमुळे आपोआप मिळत नाही.

खरी अडचण अनुभवपत्राची. पैसे नंतर भांडून मिळतील, पण नवी कंपनी सोमवारी कागद मागते.

इथे फोन कामाला येतो. पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओ पोर्टलवर यूएएन टाकून ‘सर्व्हिस हिस्ट्री’ बघा: कंपनीचं नाव, रुजू तारीख सगळं तिथे असतं. सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या पीएफ भरण्यानंतर दोन महिन्यांनी ‘मार्क एक्झिट’मधून तुम्हीच टाकू शकता. जोडीला सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट आणि टीडीएस कापला असेल तर फॉर्म २६एएस. पडताळणी करणाऱ्या बऱ्याच कंपन्या एवढ्यावर समाधानी होतात.

राजीनामा मात्र ईमेलनेच द्या आणि त्याची प्रत स्वतःच्या जीमेलवर ठेवा. ऑफिसचा आयडी शेवटच्या दिवशी बंद होतो, व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही काढतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा आहे. तो मागतानाही हाच ईमेल लागेल.

वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन लावा. मोफत कायदेशीर मदतीचा हा नंबर आहे, आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही.