मंडईतील घाण व आमची सोवळी बुद्धी

घरचा ओटा दिवसातून दोनदा पुसून घेणारा गृहस्थ पिशवी घेऊन मंडईत शिरला, की त्याचा स्वच्छतेचा धर्म घराच्या उंबरठ्याआडच राहतो. कणसाची पाने व फ्लॉवरचा पाला तो निःशंकपणे पायांखाली टाकतो. दुकानदार संध्याकाळी सडकी भाजी वाटेवर लोटतो. आणि सकाळी झाडणारी बाई आली नाही, तर दोघेही नगरपालिकेस दूषणे देण्यास मोकळे!

पुण्याची मंडई १८८६ साली उघडली. तिच्या इमारतीवरील खर्चास नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. पैसा शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईस त्यांचे नाव दिले गेले. परंतु ज्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, त्यांचे नाव भिंतीवर कोरल्याने त्यांचे ऋण फिटते काय? टाकणारा शुद्ध व उचलणारा अशुद्ध, ही समजूत जोवर आमच्या मनात आहे, तोवर कोणतीही मंडई स्वच्छ होणार नाही. कारण घाण काढणे हे जन्माने ठरलेल्या दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे, असे मानणाऱ्यास ती करण्याची लाज वाटतच नाही.

वस्तुतः मंडईतील बहुतेक कचरा ही घाणच नव्हे. देठ, साली व पाला वेगळा ठेविला तर त्याचे उत्तम खत होते. त्यात प्लास्टिक व काच मिसळली, की तो कोणत्याच उपयोगाचा राहत नाही. ओला व सुका कचरा जेथे निर्माण होतो तेथेच वेगळा करावा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. आम्ही ते ऐकले नाही, त्याचे फळ कोणी भोगले? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी येथे नेऊन टाकला गेला, आणि तेथील ग्रामस्थांस त्याविरुद्ध वारंवार आंदोलन करावे लागले. खेड्यांनी ताजी भाजी पाठवावी आणि शहराने त्यांस दुर्गंधी परत करावी, हा कोठला व्यवहार?

गाडी वेळेवर येत नाही, टोपली ठेवण्यास जागा नाही, ही दुकानदारांची तक्रार खोटी नाही. नगरपालिकेने गाडीची वेळ पाळावी. झाडणाऱ्यांस हातमोजे, बूट व वेळेवर पगार द्यावा. दुकानदारांनी गाळ्यागणिक दोन टोपल्या ठेवाव्या, व गिऱ्हाइकांनी घरून कापडी पिशवी आणावी. यांत अशक्य असे काय आहे?

केरसुणी धरणारा हात हलका नव्हे. मागे न पाहता कचरा टाकणारा हात हलका होय. एवढे आम्हांस उमगले, तर मंडईच काय, शहरही स्वच्छ होण्यास वेळ लागणार नाही.