नावावरून कळत नाही

"वाटत नाहीस रे!"

गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये टीममधल्या एका नव्या मुलाने मला हे ऐकवलं. विषय साधा होता, नाताळच्या सुट्टीचा. मी म्हटलं, मला चोवीस ते सव्वीस हवीच, घरी धुळ्याला जायचंय, चर्च असतं. त्याने चमचा खाली ठेवला. "तू ख्रिश्चन? पण तुझं नाव... आडनाव... आणि तू तर शेवभाजी खातोस!" आता शेवभाजीचा आणि बाप्तिस्म्याचा काय संबंध ते त्यालाच ठाऊक. आमच्याकडे नाताळला करंज्याही होतात हे मी सांगितलंच नाही, बिचारा जेवत होता.

कॉलेजपासून हे चालू आहे, त्यामुळे मी चिडायचं सोडलंय. गंमत म्हणजे दुसरी बाजूही तितकीच तयारीची. मागे एका प्रार्थनेच्या बैठकीत मी टाळ घेऊन अभंग म्हटला, तर आमच्याच मंडळीतल्या (आमच्यात चर्चच्या लोकांना 'मंडळी' म्हणतात) एका काकांनी मला बाहेर गाठलं. "हे आपल्यात कुठून आणलंस?" अभंग होता नारायण वामन टिळकांचा. 'उपासना संगीत'मधला. म्हणजे काकांच्याच हातातल्या पुस्तकातला!

हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड. जन्म १८६१, कोकणातले चित्पावन, संस्कृत जाणणारे कवी. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन माणसाने त्यांना 'नवा करार' दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव बदललं नाही, आडनाव बदललं नाही, कवितेची भाषा तर नाहीच नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. बारा वर्षांनी, १९०७ मध्ये, आमच्या जळगावात पहिलं कविसंमेलन भरलं तेव्हा हे रेव्हरंड तिथे होते. धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबरेला 'बालकवी' ही पदवी मिळाली ती याच संमेलनात. पुढे तो मुलगा नगरला टिळकांच्या घरी पोरासारखा राहिला आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिला. कोणी कोणाला "वाटत नाहीस" म्हटलं असेल असं मला तरी वाटत नाही.

इथपर्यंतचं भाषण मला पाठ आहे. कँटीनमध्येही मी ते दिलं. पण त्या मुलाने पुढे अगदी निरागसपणे विचारलं, "बरं, म्हणजे तू नक्की मानतोस काय?"

आणि मंडळी, मी गप्प!

कारण खरं सांगायचं तर माझा विश्वास म्हणजे डिफॉल्ट सेटिंग. आजोबांनी इन्स्टॉल केलं, मी कधी उघडून पाहिलं नाही. दहावीच्या आदल्या वर्षी दृढीकरण झालं, पाळकांनी प्रश्न विचारले, मी पाठ केलेली उत्तरं दिली, पास झालो. मग इंजिनीअरिंग, मग पुणे. रविवारी सकाळी एक तर झोप नाही तर प्रॉडक्शनचा लफडा. उरलं काय, तर फॉर्मवरचा धर्माचा रकाना आणि टिळकांवरचं तयार भाषण.

म्हणून हल्ली मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई जास्त जवळच्या वाटतात. आजीची 'स्मृतिचित्रे'ची प्रत मी दिवाळीत धुळ्याहून उचलून आणली, तिच्या पेन्सिलच्या खुणांसकट. नवरा न सांगता ख्रिस्ती झाला, ही बाई कोसळली, मुलाला घेऊन वेगळी राहिली. मग नवऱ्याजवळ आली, पण सोवळं-ओवळं सोडायला तयार नाही. ते सुटायला वेळ लागला. १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. मध्ये पाच वर्षं! आणि सगळं सांगते कसं, तर स्वतःलाच हसत. आपल्या त्या काळातल्या हट्टाला ती मूर्खपणा ठरवून मोकळी होत नाही, आणि त्याचं कौतुकही करत नाही. आमच्या साक्षीच्या सभांमध्ये "अमुक तारखेला माझं जीवन बदललं" असं ऐकत मी मोठा झालो. तशी तारीख माझ्याकडे नाही, म्हणून आपल्यातच काहीतरी कमी असं मला वाटायचं. या बाईने ती काळजी बरीच कमी केली.

आणि तारीख असलेल्या टिळकांचं तरी काय झालं? बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, ते मिशनमधून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त चालत. छप्पन्नाव्या वर्षी, नाव झालेलं असताना, पुन्हा शून्यापासून! दोनच वर्षांनी ते गेले. अर्धं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं ते लक्ष्मीबाईंनी.

मी काही मिशन-बिशन सोडणार नाही, माझा होमलोन आहे. पण दोन महिने झाले, रोज रात्री लॅपटॉप बंद केल्यावर पाच मिनिटं प्रार्थना करतो. पाठ केलेली नाही, माझ्या शब्दांत. फार अवघड जातं हो. 'देवबापा' म्हटल्यावर पुढे काय बोलायचं तेच सुचत नाही. आजी तर भाकरी थापता थापता बोलायची त्याच्याशी, पावसाबद्दल, गॅसच्या नंबरबद्दल, माझ्या एम-थ्रीच्या पेपरबद्दल.

मागच्या शनिवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसने भुसावळला मामाकडे गेलो. जळगाव सुटल्यावर भादली येतं. १९१८ मध्ये बालकवी इथेच रेल्वेखाली गेले, अठ्ठाविसाव्या वर्षी. म्हणजे माझ्याच वयाचे. गाडी तिथे थांबत नाही. खिडकीतून केळीच्या बागा दिसत होत्या आणि तेव्हा मात्र, का कोण जाणे, पाच मिनिटं शब्द अडले नाहीत.

असो. त्या मुलाला उत्तर अजून दिलेलं नाही. सध्या 'स्मृतिचित्रे' वाच म्हटलंय. "पीडीएफ आहे का?" असं विचारत होता. आजीची प्रत द्यावी की नाही, याच विचारात आहे.