शास्त्रदान आणि मंडळाचा जुना संगणक



‘सॉफ्टवेअर हा मुलांचा विषय, आपल्याला काय त्याचं?’ असं आपण बायका सहज म्हणतो. मला ते पटत नाही. मंडळाची वर्गणी, पाठशाळेच्या प्रश्नपत्रिका, चातुर्मासाचा हिशोब, सगळं आता संगणकावर आहे. मग त्यात काय वापरायचं हे आपणच ठरवायला हवं, जसं घरात पाणी गाळून प्यायचं हे आपण ठरवतो.

धवला ग्रंथाचं उदाहरण घ्या. त्याच्या ताडपत्री प्रती कित्येक शतकं मूडबिद्रीला बंदोबस्तात होत्या. लोक दर्शन घेत, वाचन मात्र होत नसे. काही पानं जीर्ण होऊन गेलीच. पुढे खटपटीनं नकला बाहेर आल्या आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड छापला. नंतर आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेनं हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. ते आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटणला आहेत. कुलपात ठेवलेलं ज्ञान झिजतं, वाटलेलं टिकतं.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे तेच. त्याची आतली रचना कुणीही पाहावी, नक्कल करावी, सुधारावी आणि पुढे द्यावी. लिनक्स आणि लिबरऑफिस असंच आहे. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्टही असेच सर्वांना खुले आहेत. मी याला शास्त्रदानच म्हणते. याउलट जुन्या, बंदिस्त फॉन्टमध्ये टाइप केलेल्या स्मरणिका आज उघडल्या तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. मजकूर आपला, पण किल्ली दुसऱ्याकडे!

आणखी एक. फुकटात मिळालेलं चोरीचं सॉफ्टवेअर संगणकावर घालून त्यावरच धर्माची पत्रकं छापायची, हे अचौर्य अणुव्रतात कसं बसणार? चोरीचा माल घेणं, तदाहृतादान, हा अतिचार तत्त्वार्थसूत्रातच सांगितला आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो दोषच उरत नाही.

आता काळजीचा विषय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. तेव्हापासून ‘जुना संगणक टाका, नवा घ्या’ हे सगळीकडे ऐकू येतं. पण चालता संगणक भंगारात का घालायचा? नवा घडवायला खाणी खोदाव्या लागतात, पाणी आणि वीज लागते. लॅपटॉपच्या बाबतीत तर कर्बाचा मोठा वाटा तो वापरण्याआधी, घडतानाच हवेत जातो. पृथ्वीकायिक, जलकायिक जीवांची आलोचना रोज करणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला नको का? त्याच यंत्रावर लिनक्स घातलं तर ते आणखी काही वर्षं काम देतं. वाणिज्य शाखेची म्हणून सांगते, परवान्याचा खर्चही वाचतो.

बदलतं हवामान आपल्याला काही परकं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा गावात मंदिराचे जुने कागद एकाच कपाटात ठेवणं शहाणपणाचं नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, मूळ कागदांचे फोटो काढा आणि प्रती तीन-चार ठिकाणी ठेवा. एक सांगलीत, एक साताऱ्याला.

मात्र सगळंच खुलं करायचं नसतं. शास्त्र वाटावं, माणसाची खासगी माहिती वाटू नये. वधू-वर परिचयाची पुस्तिका, मुलींचे फोटो, जन्मतारखा, फोन नंबर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतात. त्या मुलीला कुणी विचारलं का? वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याच्या मुळाशी संमती आहे. पण कायद्याआधी आपली अहिंसा आहे. कुणाला त्रास होईल असं न करणं, मग ते बोटानं ‘फॉरवर्ड’ करणं का असेना.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या सभेत नव्या संगणकाचं कोटेशन आलं, तर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. जुन्यावर लिनक्स घालून पाहिलं का? आणि सभासदांची यादी कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे?