जलशुद्धीकरण केंद्राचं एक गणित



पाचवीच्या परिसर अभ्यासात पाणी आलं की आपण फळ्यावर आकृती काढतो. तुरटी, गाळ बसणं, वाळूचा थर, क्लोरीन. यंदा मी वर्ग घेऊन थेट आमच्या गावच्या नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर गेले. आकृतीतलं सगळं तिथे होतं. आकृतीत आपण कधीच काढत नाही ती माणसं मात्र तिथे शोधावी लागली.

केंद्र जुनं. व्हॉल्व्हची चाकं गंजलेली, एक पंप दुरुस्तीला गेलेला. ड्युटीवर एकच काका. त्यांनी नदीच्या पाण्याचे सहा ग्लास भरले, प्रत्येकात तुरटीचं पाणी कमी-जास्त घातलं, ढवळलं आणि मुलांना गप्प उभं केलं. ज्या ग्लासात कमीत कमी तुरटीत पाणी नितळ झालं, ती त्या दिवसाची मात्रा. पावसाळ्यात नदी तासातासाला रंग बदलते, तेव्हा हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. मात्रा चुकली तर गाळ वाळूच्या फिल्टरपर्यंत जातो, आणि गढूळ पाण्यात क्लोरीनचंही नीट चालत नाही. मग कावीळ, जुलाब. आपल्या हजेरीपटावर ते लगेच दिसतं.

काका पुढच्या वर्षी रिटायर होतायत. हाताखाली कायमचं कोणी नाही. ठेकेदाराची मुलं येतात आणि काम शिकेपर्यंत बदलतात. एका मुलीने विचारलं, "काका, तुम्ही घरी कधी जाता?" ते नुसते हसले.

वर्गात आल्यावर आम्ही गणित मांडलं. आठवड्याचे तास 168. एक माणूस आठवड्याला 48 तास काम करतो. भागाकार साडेतीन. म्हणजे एकच खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं! (अर्धा माणूस कसा आणायचा, यावर दहा मिनिटं नुसता दंगा.) रजा-आजारपण धरलं तर चार-पाच. प्रयोगशाळा, क्लोरीन, वीज, फिल्टर धुणं हे वेगळंच.

आता नवं केंद्र येणार अशी चर्चा आहे. यायलाच हवं, पंप-मोटारींचं आयुष्य साधारण 15 वर्षं धरतात, आमच्याकडचे केव्हाच म्हातारे झालेत. पण चर्चेत कोटींचे आकडे येतात, पदांचा आकडा येत नाही. डिजिटल बोर्ड आला आणि शिक्षकाची जागा रिकामीच, हे आपण शाळेत पाहिलेलं आहे ना?

"सगळं ऑटोमॅटिक असेल, माणसं कमी लागतील," असंही ऐकते. 18 जुलै 2021 आठवा. मुसळधार पावसाचं पाणी मुंबईच्या भांडुप संकुलात शिरलं, विजेची यंत्रणा बंद पडली, शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा विस्कळीत झाला आणि लोकांना पाणी उकळून प्या म्हणून सांगावं लागलं. अशा वेळी सेन्सर काय करणार? पंप कोणत्या क्रमाने सुरू करायचे हे हातांना माहीत असावं लागतं. भांडुपला आता दिवसाला 2000 दशलक्ष लिटरचं नवं केंद्र उभं राहतंय, कारण जुनं चार दशकांचं झालंय. ते चालू होईपर्यंत मुंबईची भिस्त जुन्यावरच. आमच्याकडेही तसंच असणार. म्हणून मला वाटतं, आराखड्यातच पदं लिहा, जुन्याच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा काढा, आणि भरती आधी करा. नव्या माणसांना काकांबरोबर निदान एक पावसाळा मिळू द्या.

पालकहो, नगरसेवक दारात आले की नळाला पाणी किती वेळ, एवढंच आपण विचारतो. पदं किती रिकामी, हेही विचारा.

पत्रलेखनाच्या तासाला मुलांनी यंदा मामाला पत्र न लिहिता मुख्याधिकाऱ्यांना लिहिलं: काकांच्या जागी कोण येणार? अठ्ठावीस पत्रं मी स्वतः आवक खिडकीवर दिली. पोच मिळाली आहे. उत्तराची मुलं रोज चौकशी करतात.