गुलाबी साडी आणि विरजण

परवा पनवेलजवळच्या एका गावात भाचीच्या हळदीला गेले होते. धवलारिणीची गाणी आटोपली आणि पोरींनी ‘गुलाबी साडी’ लावले.

जळगावकडच्या संजू राठोड या तरुणाने हे गाणे २०२४ साली यूट्यूबवर आणले. लोकांनी त्यातला लहानसा तुकडा उचलला, त्यावर आपापला नाच मोबाइलवर टिपला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. एकीचे पाहून दुसरी, दुसरीचे पाहून तिसरी. विरजणासारखेच हे, चमचाभर घातले की भांडेभर दूध लागते. कोरियाचे ‘गंगनम स्टाइल’ २०१२ साली असेच फिरले. यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिले गेलेले ते पहिलेच चित्रण!

गंमत खरीच. पण त्या रात्री कुणी नवरीच्या वहिनीचा नाच तिला न विचारता टिपला आणि सकाळी तो गावभर झाला. बिचारी दोन दिवस घराबाहेर पडली नाही. नाच वाईट नव्हता. विचारले नाही, हे वाईट. त्या मुलाला जवळ बसवून समजावले, तेव्हा त्याने तो काढला. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतला, त्यांचे काय?

बायांनो, विरजण लागले की दूध परत मिळत नाही. नाचा, हौसेने नाचा. पण टिपण्याआधी विचारायला मुलांना शिकवा.