पहिली खेळी विश्वासाची

अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी संगणक प्रोग्रॅमची एक स्पर्धा भरवली होती. तिचा निकाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. दर खेळीला सहकार्य करायचे की दगा द्यायचा, एवढेच ठरवायचे. जिंकला तो अ‍ॅनाटोल रॅपोपोर्ट यांचा, सगळ्यांत छोटा प्रोग्रॅम. त्याची पहिली खेळी सहकार्याची. पुढे समोरचा वागेल तसे. दग्याला लगेच जाब, पण समोरचा सुधारला की मागचे विसरून पुन्हा सहकार्य. हा प्रोग्रॅम कोणत्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. तरीही एकूण बेरजेत तो पहिला आला.

याला अट एकच: त्याच दोघांची गाठ पुन्हा पुन्हा पडली पाहिजे. आपल्या शहरांत नेमकी तीच अट मोडते आहे. आडनाव ऐकून भाड्याचे घर नाकारले जाते. आपणही मोहल्ल्याबाहेर पडायला कचरतो. वस्त्या वेगळ्या, मग शाळाही वेगळ्या. भेटच नाही तर जाब कोणाला विचारणार, आणि माफ कोणाला करणार? उरतात त्या ऐकीव गोष्टी.

शेजाऱ्याने सुरुवात करावी, अशी वाट पाहणारे दोघेही हरतात. पहिली खेळी आपण करू.